दारातले नऊ जोड

ओस पडत चाललेल्या खेड्यांतल्या चर्चपैकी कोणतं सावरता येईल, हे बघायला लातूरच्या ख्रिस्ती मंडळीनं मला पाठवलं होतं. निलंग्याजवळच्या एका खेड्यात रविवारी पोचलो. पत्र्याच्या चर्चच्या दारात चपलांचे नऊ जोड दिसले आणि मी हरखलो. कागदावर लगेच 'उपस्थिती नऊ' लिहिलं, बूट काढले, आत गेलो.

सतरंजीवर एकच म्हातारी बसली होती.

"आजी, बाकीची मंडळी?"

"न्हाईत. कुणी पुण्याला गेलं, कुणी मातीत गेलं. माझा जोड सोडून समद्या चपला घरोघरनं मागून आणल्यात म्या."

"कशाला?"

"रिकामं दार बघून कोण आत येतंय, बाबा? चपला दिसल्या की वाटतं, आत माणसं हाइत. तुमी न्हाई का आलात?"

याला फसवणूक म्हणावं की श्रद्धा, मला ठरवता येईना. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि गीत धरलं. आम्ही दोघांनीच ते म्हटलं. सूर माझाच चुकत होता.

निघताना मी नवाचा आकडा खोडून एक लिहिला, मग तोही खोडला. बाहेर ती एकेक जोड फडक्यानं झटकत होती. जुनाट चपला, पण एकीवरही धूळ नव्हती. शेवटी तिनं माझे बूट उचलले, तेही झटकले आणि रांगेच्या टोकाला नीट ठेवले.

"आज धा झाले बघा," ती म्हणाली.

बसची वेळ झाली होती आणि मी माझ्याच बुटांकडे बघत अनवाणी उभा होतो.