शेंदराखालचं भोक

मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. घरात वह्या कमी आणि उरलेली पत्रकं ढिगानं. 'उठा', 'जागे व्हा', 'जाब विचारा' हे शब्द मी 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचले असतील. त्यामुळे कुठं काही बिघडलं की त्याला कुणीतरी जबाबदार असणार आणि त्याची मानगूट धरायची, एवढंच मला येत होतं.

बहात्तरच्या दुष्काळात आटपाडीकडं जनावरांची छावणी पडली. तिकडं काडी उरली नव्हती. इकडं आष्ट्याच्या बाजूला नदीकाठी एका कुरणात कमरेएवढं गवत उभं होतं. ते छाटायला एका देणगीदार संस्थेनं ट्रॅक्टरमागं जोडायचं यंत्र दिलं होतं. वर गिअरबॉक्स, खाली पत्र्याआड गरगरणारं पातं. देणगीदारांचं नाव यंत्राच्या दोन्ही अंगांना आणि मागं रंगवलेलं. तेल अडवणारं सुटं रबरी सील एकही नाही, माहितीचं पुस्तकही नाही. मी त्या कुरणावर स्वयंसेवक होतो. गंजी लावणं, ट्रक भरणं आणि संतापणं, ही माझी कामं.

ट्रॅक्टर चालवायचा तो साताऱ्याकडचा, लष्करातून परतलेला. त्याला सगळे मेजर म्हणत, तो मेजर कधीच नव्हता. छावणीतली माणसं पाळीपाळीनं ट्रकाबरोबर भरणीला यायची. त्यातला एक म्हातारा मात्र दुसऱ्याची पाळीही मागून घ्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. मेंढरं गेली, बैलजोडी उरली, आणि त्यातलाही एक बैल बसला होता. सकाळी चार गडी त्याच्या पोटाखाली वासा घालून त्याला उभा करायचे. "पोटात चार पेंड्या पडल्या तर आपनहून उठंल," म्हातारा म्हणायचा. उपाशी जनावर बसलं की ते पुन्हा उठणं किती अवघड असतं, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणूनच तो ट्रक सोडत नव्हता.

मग गिअरबॉक्स गळायला लागला. खालच्या शाफ्टच्या सीलातून तेल पात्यावर उतरायचं आणि पात्यावरून गवतावर उडायचं. एक ट्रक तसाच गेला. छावणीतून निरोप आला, गवताला वंगणाचा वास येतोय, जनावरं हुंगतात आणि मान फिरवतात. मेजरनं यंत्र उभं केलं. मी एसटीनं सांगली गाठली, दुकानं पालथी घातली आणि मापाला मिळती अशी दोन सीलं घेऊन परतलो.

ट्रॅक्टरच्या लिफ्टनं यंत्र उचलून मेजरनं त्याखाली लाकडी ठोकळे सरकवले, तेव्हाच खाली शिरला. "लिफ्टवर इस्वास ठिवनारा मानूस म्या एकदाच बघितलाय," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा बगायला त्यो हुताच कुठं?" पातं उतरलं. जुनं सील खरडून निघालं. शाफ्टवरचा गंज त्यानं पॉलिश पेपरनं घासला, नवं सील लाकडाच्या तुकड्यानं चहूबाजूंनी हळूहळू ठोकत बसवलं. तेल भरलं. मी मनातल्या मनात देणगीदारांच्या नावानं पत्रकाचा मथळाही जुळवून ठेवला होता.

अर्धा ट्रक भरेल एवढं गवत पडलं असेल-नसेल, तेल पुन्हा टपकायला लागलं.

मेजर शिवी न देता खाली उतरला. हे वाईट लक्षण होतं. म्हातारा ट्रकाच्या सावलीत बसला होता, तो उठून आला. "झालं का वो?"

"न्हाई, आबा."

"आज गाडी जानार का न्हाई, तेवढं सांगा."

मेजरनं गिअरबॉक्सवर हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला. "आतला दम कोंडलाय. डब्यात तेल तापतंय, हवा फुगतीया, आन् वर जायला वाट न्हाई म्हनून सीलातनं तेल ढकलतीया. ह्येच्या डोक्यावर भोक असाय पायजे."

डोक्यावर शेंदूर होता. चांगला बोटभर जाडीचा, तेलात कालवून थापलेला, उन्हानं आवळलेला. वर सुकलेलं फूल. पहिल्या खेपेलाच म्हाताऱ्यानं तो लावला होता आणि नंतर दर खेपेला वर थर चढवला होता. खाली पातं गरजतंय, ते रक्त मागणार, त्याला आधीच शांत केलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. शिवाय जे आपल्या जनावरांच्या तोंडात घास घालतं त्याला कोरडं कसं ठेवायचं? मी तेव्हा त्याच्याशी तासभर वाद घातला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं बोलून झालं का? मग तेवढी त्येलाची बाटली द्या हिकडं."

आता मेजरनं पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला. म्हातारा मध्ये आला.

"लोकंड लावायचं न्हाई."

"आवं आबा, देव न्हाई ह्यो. डबा हाय त्येलाचा!"

"आसंल. पर शेंदराची खोळ म्या चढवलीया, म्याच उतरवनार. आमच्याकडं म्हसोबाची खोळ जड झाली की आशीच उतरवत्यात."

त्यानं तळव्यावर खोबरेल घेतलं आणि त्या तापलेल्या डोक्यावर चोळायला लागला. बोटं भाजत होती, हात झटकायचा आणि पुन्हा लावायचा. मग अंगठ्याच्या नखानं कड उचलली. माझ्या डोक्यात ट्रक, बैल आणि मावळतीकडं कललेला सूर्य, सगळं एकदम घोंघावत होतं. ओरडावंसं वाटत होतं. मेजरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ओ कागदवाले, गप उभं ऱ्हावा."

खोळ एका तुकड्यात सुटली. खाली एक लहानसं बूच होतं, त्याला बारीक भोक, आणि भोकात लाल गच्च गोळी. म्हाताऱ्यानं बाभळीचा काटा घेऊन ती टोकरली.

सुस्सकन हवा सुटली. लांबच लांब. दमेकऱ्यानं कोंडलेला श्वास सोडावा तशी. तो आवाज आम्ही तिघांनीही ऐकला आणि तिघांनाही कळलं.

म्हातारा हातातल्या खोळीकडं बघत राहिला. "म्हंजी ह्येचं नाक म्याच दाबलं व्हय?"

"न्हाई, आबा," मेजर घाईनं म्हणाला, "सीलच कच्चं हुतं."

खोटं होतं ते. दयेपोटी बोललेलं, पण खोटंच. मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही की गरिबाला सत्य झेपत नाही असं दुसऱ्यानंच ठरवावं. मी म्हणालो, "होय, आबा. भोक बुजलं म्हणून सील फुटलं. दोन्ही वेळेला." मेजरनं माझ्याकडं असं बघितलं की त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता हे मला आठवलं.

म्हातारा सावकाश म्हणाला, "खरं बोलला त्ये बरं केलं. न्हाईतर म्या उद्या परत लावला आसता." खोळ धोतराच्या सोग्यात बांधून तो नदीकडं गेला आणि ती पाण्यात सोडून आला.

दुसरं सील बसवलं. यंत्र चाललं, तेल थेंबभरही गळलं नाही. दिवेलागणीला ट्रक भरून निघाला. म्हातारा गवतावर बसला होता, आमच्याकडं पाठ करून.

पुढच्या ट्रकाबरोबर तो आला नाही. आलेल्या गड्यानं सांगितलं, गाडी छावणीत शिरायच्या आधीच बैल गेला होता. म्हाताऱ्यानं पहिली पेंडी काढून त्याच्या तोंडापाशी ठेवली आणि बराच वेळ तिथंच बसला. मग तीच पेंडी उचलून दुसऱ्यापुढं टाकली.

मी पत्रक लिहिलं. देणगीदारांचं नाव रंगवायला रंग होता आणि हवेचं भोक कुठं आहे ते दाखवायला माहितीचा एक कागदही नव्हता, असं त्यात लिहिलं. ते छापलं गेलं, वाटलं गेलं. शेंदराबद्दल मी त्यात एक अक्षर लिहिलं नाही. ज्याला त्याचा जाब विचारायचा त्यानं स्वतःच तो स्वतःला विचारला होता.

काही खेपांनंतर म्हातारा पुन्हा आला. मेजर ट्रॅक्टरवर चढत होता. म्हातारा यंत्रापाशी गेला, पागोट्यातून बाभळीचा काटा काढला, बुचातलं भोक टोकरलं आणि वर फुंकर मारली.

"पूजा झाली का, आबा?" मेजरनं विचारलं.

"पूजा न्हाई. नाक साफ करतूया."

मी विचारलं, "दुसरा बैल कसा आहे?"

"खातूया की." काटा पागोट्यात खोचत तो म्हणाला, "पर गव्हान सोडून भाईर यीना झालाय. शेजारची जागा हुंगतोय."

मेजरनं ट्रॅक्टर चालू केला.