न चाखलेली आमारोने

मी आज जो काही आहे तो माझ्या मामांमुळे. तासगावकडे त्यांची बेदाण्याची शेड आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मामांनी मला ठेवून घेतलं, इंजिनियर केलं, आणि कुवेतला निघताना एकच शब्द घेतला: दारूला शिवायचं नाही. ते माळकरी. कुवेतमध्ये हा शब्द पाळणं अवघड नाही, इथं दारूला बंदीच आहे.

इथल्या शुवैख भागातल्या एका शीतगृहात मी नोकरी करतो. आमचे साहेब इटलीचे, वेरोनाजवळच्या टेकड्यांतले. त्यांच्या घरी आमारोने नावाची लाल वाइन करतात. दुपारी काळा चहा पिता पिता ते तिच्याबद्दल सांगतात, आणि मी तिला एवढ्यावरच ओळखतो.

तिकडं द्राक्षांचे मोकळ्या मण्यांचेच घोस निवडून तोडतात, म्हणजे मधून वारा खेळतो. मग माळ्यावर बांबूच्या ताट्यांवर एकेरी पसरून तीन-चार महिने ठेवतात. हे ऐकून मला राहवलं नाही. आमच्याकडं द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून आधी डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढतात, पंधरवड्यात बेदाणा तयार होतो, तुम्हीही तसंच करा, असं मी मोठ्या उत्साहानं सुचवलं.

साहेब कप खाली ठेवून हसायला लागले. "इंजिनियर, तू माझ्या बापाच्या वाइनचा बेदाणा करून केकमध्ये घालशील."

मग त्यांनी समजावलं. त्यांना घाई नकोच असते. हळूहळू सुकताना मण्याच्या आत चव बदलत जाते, ती त्यांना हवी असते. पूर्वी त्या द्राक्षांची गोड वाइनच करायचे. एखादं पिंप जास्त दिवस राहिलं की सगळी साखर आंबून जायची आणि शेवटी किंचित कडसर चव उरायची. जे बिघडलं म्हणून बाजूला ठेवायचे, त्याचीच पुढं आमारोने म्हणून कीर्ती झाली. थंडीत तिच्यात भात शिजवतात. म्हातारी माणसं एक पेला घेऊन अख्खी संध्याकाळ बसतात.

यंदा साहेबांचे वडील शेवटच्या ताट्या लावणार आहेत. गुडघे थकलेत, पुढच्या वर्षी मळा दुसऱ्याला कसायला देणार. जानेवारीत द्राक्षं खाली उतरवायच्या दिवशी ये, असं साहेबांनी मला बोलावलं. त्या दिवशी जुनी बाटली उघडतात आणि पहिला पेला पाहुण्याला देतात.

मी अब्बासियातल्या खोलीवरून मामांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"दारू करणाऱ्याच्या घरी जाणार?"

"बघायला, मामा."

"बघायला म्हणूनच जातेत सगळी." मग म्हणाले, "जेवलास का?" आणि फोन मामीकडं दिला.

पुढच्या दोन्ही फोनला तेच झालं. त्यांना दुखवून जायचं नव्हतं, आणि न सांगता तर नाहीच. म्हणून पत्र लिहिलं.

"ती. मामांस साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितोय. तुम्ही शेडमध्ये फिरता तसेच साहेबांचे वडील रोज माळ्यावर फिरतात, मणी दाबून बघतात, बुरशी दिसली की घोस उचलून टाकतात. त्या कामाचं शेवटी काय होतं ते तुम्हाला पटणार नाही. मलाही त्यातलं काही प्यायचं नाही. पण ते काम मला एकदा बघायचंय, कारण पुढच्या वर्षी ते करायला साहेबांचे वडील तिथं नसणार.

पहिला पेला मी घेणार नाही, हे साहेबांना सांगितलं. त्यांना वाईट वाटेल अशी भीती होती. त्यांनी घरी विचारलं. म्हातारबाबा म्हणाले म्हणे, त्यात काय, पोराला ताटीवरची द्राक्षं द्या, वाइन व्हायच्या आधीची.

मामा, तेवढी मी खाऊ का? तुम्ही नको म्हणालात तर सुट्टीचं तिकीट सरळ मुंबईचं काढीन, आणि मनात काही ठेवणार नाही. पण हो किंवा नाही, एवढं तुमच्या तोंडून ऐकू दे. रविवारी फोन करतो. मामीकडं देऊ नका."