गुडघ्यावरचं तेल

आमच्या बल्लारपुरात ट्रान्सफॉर्मरचं तेल गुडघेदुखीवर रामबाण समजत. कोणत्या शहाण्याने हे शोधून काढलं, देव जाणे. पण लाइनमनपासून मास्तरांपर्यंत घरोघरी त्याची बाटली असायची. बाबांचं भंगाराचं दुकान, म्हणून आमच्याकडे आख्खा ड्रम. नव्वदनंतर कधीतरी एका कोळसा खाणीच्या लिलावात त्यांनी जुना परदेशी ट्रान्सफॉर्मर घेतला होता, त्यातलं ते तेल. आई गल्लीतल्या बायकांना ते फुकट द्यायची, वर चहा पाजायची.

माझं सासर गावातच, तरी पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. सव्वा महिना रोज सकाळी आईने माझी कंबर त्याच तेलाने चोळली. मी सुखाने डोळे मिटून पडायची आणि मग पोरीला पाजायला घ्यायची.

पोर आठ वर्षांची झाली तेव्हा बाबा गेले होते, दुकान मीच बघत होते. एक दिवस त्या खाणीकडून रबरी हातमोजे घातलेली, तोंड झाकलेली माणसं आली. उरलंसुरलं तेल आणि त्याखालची माती उकरून त्यांनी पिंपात सीलबंद केली. त्यांचे साहेब रस्त्यावरच उभे होते. आईने पाठवलेला चहासुद्धा घेईनात. मी पिच्छाच पुरवला तेव्हा कळलं, तेलात पीसीबी नावाचं रसायन होतं. ते मातीत कुजत नाही. अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं ठाण मांडतं, यकृत बिघडवतं, आईच्या दुधातून लेकराच्या पोटात जातं. बाहेर काढायला औषध नाही. हे तुम्हाला कधी कळलं, असं मी विचारलं.

"पत्र तर लिलावाच्या आधीच आलं होतं बाई. इंग्रजीत होतं, फाईलला लागलं."

त्या खाणीच्या ऑफिसात एकालाही इंग्रजी येत नव्हतं, हे कोणाला सांगता? कागद जपून ठेवला आणि विष विकलं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

दुकानामागेच घर. साहेब काय म्हणाले, असं आईने विचारलं आणि मी एका दमात सगळं ओकले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुह्या कमरेले लावलं, ते बी हेच का वं?"

नाही म्हणायला माझं काय जात होतं? पण डोकं फिरलं होतं. "हेच," मी म्हणाले. "दुधातून पोरीच्या पोटात गेलं."

पोरीला काही झालं नाही, निदान दिसण्यासारखं तरी. डॉक्टरही याहून जास्त सांगत नाहीत. ती दर रविवारी आजीपुढे खोबरेल लावून घ्यायला बसायची. त्या रविवारी आई म्हणाली, "तुह्या मायजवळून लावून घे." पुढच्या रविवारीही तेच. मी वाण्याकडून खोबरेलाची नवी बाटली आणली, तिच्यासमोर सील फोडलं, बाटली तिच्या हातात दिली. तिने ती खाली ठेवली. फाईलवाल्यांना काही झालं नाही. त्यांच्यावरचा राग मी आईवर काढला, याचा मला अजून राग येतो.

मरेपर्यंत तिने नातीच्या केसांना हात लावला नाही.