आईने नेलेला सलाम

आमच्या गावात मेथडिस्ट घरं मोजकीच. खाडीच्या वरच्या अंगाला, कातळावर, चिऱ्यांचं एक लहानसं देऊळ आहे. आम्ही प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतो. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी राहतो. मी मिशनच्या शाळेत मास्तर, आणि देवळाची झाडलोट, घंटा, बाजाची पेटी हे सगळंही माझ्याकडेच. देवळाच्या एका बाजूला माझ्या थोरल्या भावाचं घर. आई त्याच्याकडे असायची. दुसऱ्या बाजूला, पाणंदीपलीकडे, माझ्या सासऱ्यांचं. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले होते, बरं झालं, पोरीला माहेर हाकेवर राहील.

वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चांनी, आपापली नावं सोडून एक व्हावं, अशी योजना तेव्हा वरच्या लोकांत चालली होती. आमच्यापर्यंत ती पाळकांच्या तोंडून आली आणि तिने आमचे दोन भाग केले.

भाऊ रेडी बंदरात लोखंडाचं खनिज भरणाऱ्या पडावांवर मुकादम होता. शनिवारी घरी यायचा तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्यासुद्धा त्या धुळीने तांबड्या झालेल्या असत. तो म्हणे, "बापाशीन ज्या नावात बाप्तिस्मो घेतल्यान, तां नाव मी टाकूचंय नाय." वडिलांनी ते नाव घेतलं तेव्हा भावकीने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. भाऊ त्या वेळी पाणी भरण्याच्या वयाचा होता, लांबच्या झऱ्यावर तोच जायचा. मी पाळण्यात होतो. त्यामुळे त्याच्या हट्टावर बोलायचा मला अधिकार नाही, असं मला नेहमी वाटत आलं.

सासरे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, नुकतेच निवृत्त झालेले. ते म्हणत, "नाव घेवन काय करतलास? साहेब आपल्या देशाक गेले. आमची एवढीशी घरां. एकटे रवलों तर उद्या पाळक कोण धाडतलो? मेल्या माणसाक माती कोण देतलो?"

मला दोघांचंही पटत असे. माझी अडचण तिथेच होती.

उपासनेला भावाची माणसं डावीकडच्या बाकांवर बसू लागली, सासऱ्यांची उजवीकडे. आई डावीकडे, बायको उजवीकडे. मी पेटी वाजवायचो म्हणून मला बाकच लागत नसे. पेटी वेदीजवळ मध्यावर होती. भाता हलवत मी तिच्या आड बसून राही. आमची माणसं भांडत मालवणीत, पण प्रार्थना पुस्तकी मराठीत करत. "हे प्रभो, आमच्यातील कित्येकांची अंतःकरणे कठीण झाली आहेत, ती तू मृदू कर." ही कित्येक अंतःकरणं कोणाची, ते सगळ्यांना माहीत असे. मग उजवीकडून कोणी उठून उलट प्रार्थना करी, आणि मी दोघांच्याही शेवटी आमेन म्हणे.

खालच्या वाडीतली मासेवाली एकदा टोपली उतरवत म्हणाली, "मास्तरानू, तुमचो देव एकच मां?"

"एकच."

"मगे भांडतत कोणासाठी? आमचे इतके आसत, तरी आमी जत्रा एकच करतों."

बांगडे घेऊन मी आत गेलो. 

आमच्याकडे एक रीत होती. पाळक तीन-चार महिन्यांनी एकदा यायचे आणि तेव्हाच प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याल्याचा विधी, व्हायचं. त्याच्या आदल्या दिवशी, ज्याच्याशी बोलणं तुटलं असेल त्याच्या दारी जाऊन सलाम द्यायचा. माफी शब्दांनी मागायची गरज नसे. समोरचा गूळपाणी देई, आपण ते प्यायलो की मिटलं. आजाऱ्याने दुसऱ्याच्या तोंडी सलाम पाठवला तरी चालत असे. सलाम न देता कोणी भाकर घ्यायला वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकत नसे.

दोन खेपा प्रभुभोजन झालंच नाही, कारण सलामच फिरला नव्हता. तिसऱ्या खेपेला पाळक शनिवारी सकाळी खाडीवरच्या तरीतून उतरले आणि पिशवी खाली न ठेवताच मला म्हणाले, "मास्तर, उद्या सगळे एका कठड्याला येणार नसतील, तर इथली मंडळी मोडली असं मला वर कळवावं लागेल. मग देवळाला कुलूप लागेल. उपासनेनंतर योजनेबद्दल सभाही घ्यायची आहे. तुम्ही दोन्ही घरचे आहात. काहीतरी करा."

मी आधी भावाकडे गेलो. तो कुंपणाला बारीक फांद्यांची शिपटं बांधत होता. "पयलो सलाम तेचो," तो म्हणाला. "तो वयान मोठो, अकलेन मोठो. मोठ्यान वाट दाखवची."

मग सासऱ्यांकडे. ते खुर्चीतून उठले नाहीत. "तुझो भाव माझ्यापेक्षा ल्हान. ल्हानान येवचा. सांग तेका, खुर्ची मांडून ठेवलंय."

आईला मी दोन्हीकडचं सांगितलं. ती ऐकत सुपातले तांदूळ पाखडत राहिली. दुपार कलल्यावर तिने लुगडं बदललं आणि म्हणाली, "चल, माका व्याह्यांकडे पोचव."

मला वाटलं, ती त्यांची समजूत घालील. ओटीवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "व्याह्यानू, माझ्या थोरल्या झिलान सलाम धाडल्यान. तापान पडलोहा, म्हणान मी इलंय."

ताप कसला? तिथून कुंपणावर कोयतीचे घाव ऐकू येत होते. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानाच्या तबकाकडे पाहत राहिलो. मग त्यांनी आत हाक मारली, "गो, गूळपाणी हाड." आईने भांडं पूर्ण रिकामं केलं.

पाणंदीत मी तिला थांबवलं. "आये, ह्यां काय केलंस?"

"त्या दोघांक पाय नाय," ती म्हणाली. "माझे आसत. तू गप रव."

भावाच्या अंगणात पोचल्यावर तिने त्यालाही तसंच सांगितलं. व्याह्यांनी सलाम धाडला, दम्याने त्यांना उठवत नाही. भावाने कोयती कुंपणाला अडकवली. मग स्वतः आत गेला, गूळ फोडला, पाणी आणलं. आईला दिलं आणि मलाही दिलं, कारण मीही सलाम घेऊन आलो, असं तो समजला होता. मी ते प्यायलो. आधीच्या घरी मी नुसता गप्प होतो. इथे मी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सगळं देऊळ कठड्याला आलं. भाऊ आणि सासरे शेजारी शेजारी गुडघे टेकून होते. सासऱ्यांना उठताना त्रास झाला, तेव्हा भावाने त्यांच्या कोपराखाली हात घातला. माझी बायको रडत होती. मी सगळ्यांत शेवटी गेलो. पाळकांनी हातावर भाकर ठेवली, ती माझ्या टाळूला चिकटून राहिली. आता कोणी काही विचारू नये, एवढंच मी मागत होतो.

मग सभा सुरू झाली. बाकांवर माणसं सरमिसळ बसली होती. भाऊ उभा राहिला, त्याने माझ्या सासऱ्यांकडे हात केला आणि सभेची मराठी बोलू लागला. "काल मामांनी माझ्याकडे सलाम पाठवला. वडीलधाऱ्या माणसाने एवढं केल्यावर मी अडून बसणार नाही. योजनेची बोलणी करायला आमची हरकत नाही. फक्त आपलं नाव कुठेतरी राहावं, एवढं बघा."

कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून हे कोणी ऐकलं नव्हतं. पाळकांनी लिहायला लेखणी उचलली. सासऱ्यांनी गप्प राहायला हवं होतं. पण त्यांना वाटलं असावं, आपण वाकलो असं लोकांत राहून जाईल.

"मी खंय धाडलंय?" ते म्हणाले. "सलाम तुझो इलो माझ्याकडे. तापान पडल्लंस मां तू?"

"ताप? माका?"

मागे कोणीतरी हसलं. मग सगळे आईकडे वळले. तिने मान खाली घातली होती आणि पदराचा काठ बोटांनी सरळ करत होती.

पाळक मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही आईबरोबर होता. कोणी कोणाला सलाम पाठवला?"

दोघांनीही पाठवला, आता दोघंही लाजताहेत, असं मी म्हणू शकलो असतो. कदाचित ते चाललंही असतं. पण समोर प्रभुभोजनाचं मेज होतं, त्यावरचा पांढरा कपडा अजून काढला नव्हता, आणि प्याला मीच धुऊन ठेवायचा होता. मी म्हणालो, "कोणीच नाही पाठवला. आई आपणहून गेली."

"म्हणजे माका फसवन कठड्याक हाडलां?" सासरे म्हणाले.  भावाने छत्री घेतली, आईजवळ आला आणि म्हणाला, "चल घराक." पाळकांनी लेखणी खिशात अडकवली.

देवळाला कुलूप लागलं नाही. भावाची माणसं देवळात राहिली, सासऱ्यांची त्यांच्या ओटीवर जमू लागली. पाळक सकाळी इकडे उपदेश करत, दुपारी तिकडे. मी देवळाच्या खोल्यांत राहतो, म्हणून देवळात पेटी वाजवतो. बायको आमच्या मुलीला घेऊन ओटीवर जाते. रविवारचं जेवण आम्ही वेगवेगळ्या वेळी जेवतो.

मी खरं बोललो. पण त्यामुळे सुटलो, असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. वर्गात मुलांना खरं बोलावं असं शिकवताना माझा आवाज उतरतो. एकदा धीर करून आईला विचारलं, माझं चुकलं का? ती म्हणाली, "तू आणि काय सांगतलंस? देवळात होतंस." मग तिने मला माळ्यावरून बरणी काढून द्यायला सांगितलं. तिने मला माफ केलं की माझी कीव केली, ते कळायच्या आत ती गेली. तिच्या मातीला दोन्हीकडची माणसं आली आणि दोन बाजूंनी परत गेली.

वरच्या लोकांचं अजून ठरलेलं नाही. योजना चालूच आहे, बैठका होतात, पाळक येतात आणि पुढच्या वर्षी नक्की म्हणतात. आम्ही ज्यासाठी मोडलो ते अजून घडायचं आहे. दरम्यान निम्मी घरं मुंबईला गेली. देवळात आता पुढचे दोन बाक भरतात, ओटीवर तर खुर्च्याच पुरतात.

मुलगी आता दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या, वयाची झाली आहे. भाऊ म्हणतो, ज्या देवळात आजोबा उभे राहिले तिथेच ती उभी राहील. सासरे आता अंथरुणाला खिळले आहेत. त्यांना आपल्या डोळ्यांदेखत, ओटीवर व्हायला हवं आहे. पाळकांचं पत्र आलंय, ते पुढच्या महिन्यात येताहेत. काल बायकोने भात वाढताना विचारलं, "हिचां खंय करूचा?"

"बघू," मी म्हणालो.

"तुमचो बघू आता तिकाय पाठ झालो," ती म्हणाली.

मुलगी समोरच बसली होती. तिने ताटातून वर पाहिलं नाही. तिला स्वतःला कुठे उभं राहायचं आहे, हे मी अजून विचारलेलं नाही. तिने सांगितलं, तर ‘तुमच्याकडे नाही’ हे मला एका घरी जाऊन सांगावं लागेल.