आजेसासऱ्यांनी मारलेली लढाई

हसू नका म्हटलं तरी तुमी हसणारच, म्हणून आधीच हसून घ्या. मग च्या घ्या, आन् माझी फजिती ऐका.

आमची थोरली नात अश्विनी. तिला बघाया पळसदेवचे पाहुणे आले हुते. पोरगा विक्रम, बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. अश्विनीनं आदल्या दिशीच माझ्या कानात सांगितलेलं, "आजी, मला हाच पायजे. काय बी कर, पण आप्पांना गप ठेव."

आप्पा म्हंजी माझा ल्योक दत्ता. शाळामास्तर! कुणी तोंड उघडलं की त्यात चूक काढायची, ही त्याची खोड.

मी आत भजी तळत हुते. तेवढ्यात भाईर आवाज चढला. डोकावले, तर दत्ता आन् पोरगा समोरासमोर! मधी पोराचे आजोबा, तात्या, दोघांकडं आळीपाळीनं बघत्यात.

"हिंदुस्थानासाठी इंग्रज आन् रशियाची लढाई? शक्यच न्हाय!" दत्ता म्हणतोय. "बर्फाच्या डोंगरावर तोफा चढत्यात व्हय?"

"का नाही, सर? दीडशे वर्षांमागं रशियाची फौज पार अफगाणिस्तानाच्या दारात होती."

"पुरावा काय?"

झालं! मोडली सोयरीक! दाराआड अश्विनीचं तोंड एवढंसं झालेलं. आता तुमीच सांगा, मी काय करायचं? झारा हातात तसाच, गेले भाईर.

"पुरावा कसा न्हाय? आमचे आजेसासरे हुते की त्या लढाईत!"

पोरगं खुर्चीतनं पुढं सरकलं. "आजी, कुठल्या लढाईत?"

"हीच की तुमची! इंग्रजाची आन् रशियाची."

"आई!" दत्ता वरडला.

"तू गप. बर्फ हुता, ह्यो एवढा, गुडघ्याएवढा. आमचे आजेसासरे निरवांगी गावचं मानूस, जल्मात बर्फ पाह्यला न्हवता त्येंनी. तरी सात रशियन लोळवले!"

आता पोरीकडची मानसं आशी वरचढ व्हाया लागली, हे पोराच्या आजोबाला सोसंल व्हय? तात्यांनी मिशीवरनं हात फिरवला. "आमचे पणजोबा बी हुते त्या लढाईत. घोड्यावर."

"आस्तील. आमचे त्येंच्या मोहरं हुते."

"मोहरं कसे? निशाण तर आमच्या पणजोबांच्या हातात!"

"आमच्यांनीच धराया दिलं आसंल. त्ये सोता तोफ वढत हुते."

"एकल्यानं?"

"बैल गारठून मेले हुते, तात्या!"

पोरानं तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं, गहिवरला बिचारा.

"आजी, तात्या... ती लढाई झालीच नाही."

"म्हंजी?"

"कधीच नाही. हिंदुस्थानासाठी इंग्रज आणि रशिया कधी भिडलेच नाहीत. भिडले असते तर काय झालं असतं, आणि तसं होणं शक्य होतं का, एवढंच मी सरांशी बोलत होतो."

आता मला झारा लपवायचा हुता, का झाऱ्यामागं मीच लपायचं हुतं, काय सुधरंना. सात रशियन, मेलेले बैल, गुडघ्याएवढा बर्फ, सगळं आंगणात पडलेलं, आन् उचलणार कोण?

तात्यांनी टोपी काढली. झटकली. परत घातली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सुपारी फोडा. थापा मारायला दोन्ही घरं तोलामोलाची हायती. ह्याच्यापेक्षा जुळतं स्थळ कुठं घावणार?"

फोडली सुपारी! पोरगी नांदाया गेली, सुखात हाय. दत्ता मातर आजून म्हणतोय, शक्य न्हवतंच. घ्या! दोन घराणी लढून आली, तरी ह्याचं आपलं तेच.

आता रविवारी धाकटीला बघाया पाहुणे यायचेत. पोरगा डॉक्टर हाय. दत्तानं मला बजावलंय, "आई, तू सैपाकघरातनं हालायचं न्हाय."

न्हाय हालणार, बाबा. आता मी शानी झाले. फकस्त सकाळी धाकटीला हळूच इचारलं, "कशाचा डॉक्टर गं? म्हंजी त्यो रोग आपल्या घराण्यात कुणाला झालता, ते मला आत्ताच आठवून ठिवाया बरं!"