मामाजींचा कोरा चहा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर आजही माझी जीभ रेटली नसती.

आमचं गाव आरमोरीजवळ, धानाचं. इथे पाहुण्याला दुधाचा चहा आणि बांधीवरच्या, म्हणजे धानाच्या शेतावरच्या, मजुराला कोरा, अशी रीत. माझे सासरे — मी त्यांना मामाजी म्हणायची — अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या बांधीवर कोरा चहा प्यायले. पुढे स्वतःची बांधी झाली आणि त्यांनी घरी दूधवाला लावला. दुधाच्या चहाची कपबशी हातात आली, की म्हातारा पाहुण्यासारखा ताठ बसायचा.

नवरा माजरीच्या कोळसा खाणीत, पंधरा दिवसांनी घरी येणारा. घरात आम्ही दोघंच. दुपारी कामं उरकून मी माझ्यापुरता कपभर दाट चहा मांडला, की ओसरीवरून आवाज यायचा — सूनबाई, मले बी घोटभर. घोटभर म्हणजे माझ्यातला अर्धा कप; दुपारपर्यंत दूध तेवढंच उरायचं. रोज. मला राग यायचा. अर्ध्या कपाचा राग! इतकं कोतं मन असतं का माणसाचं? माझं होतं.

मग त्यांच्या छातीत दुखलं. मी चंद्रपूरला घेऊन गेले. मामाजींना बाहेर बाकावर बसवलं आणि डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं — गोळ्या चुकवू नका, मीठ कमी करा, पुन्हा दुखलं तर क्षणभरही थांबू नका. चहाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

चहाचं मी बोलले. परतीच्या बसमध्ये, खिडकीबाहेर बघत. म्हटलं, डॉक्टरांनी दुधाचा चहा बंद सांगितलाय, कोरा चहा हृदयाला चांगला.

मोबाइलवर कुठेतरी तसं वाचलं होतं. खरंही असेल. पण मी ते त्यांच्या हृदयासाठी म्हटलं नव्हतं — माझ्या दुपारच्या कपासाठी म्हटलं होतं.

त्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. त्या दिवसापासून कोरा चहा. आणि मी? मी चुलीपाशी पाठ करून माझा दाट चहा प्यायची, आवाज न करता. ते गावभर सांगत फिरायचे, सून माझ्या छातीला जपते. हे ऐकून तरी थांबावं ना? मला तर आत कुठेतरी बरं वाटायचं. हेही सांगायलाच हवं.

कोऱ्या चहावर त्यांचा असा विश्वास बसला, की छातीत जरा भरून आलं तरी तोच मागायचे. मला दिसत होतं. तो औषध नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलले असते, तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं — म्हणून बोलले नाही.

दोन वर्षं अशी गेली. धानकापणी सुरू होती. सकाळी मामाजी बांधीवर गेले ते कापणीवर नजर ठेवायला. पुढचं मला शेजारच्या सुमनबाईनं सांगितलं, ती तिथे कापत होती. मामाजी घामाघूम होऊन बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसले. ती म्हणाली, भाऊ, ऑटो बोलावते. त्यांनी हातानंच अडवलं.

"काऊन घाबरतेस बाई? थोडी कोरी चाय दे. सूनबाईले डॉक्टरनं सांगतलं हाय, छातीले चांगली असते."

मजुरांच्या गंजातली, म्हणजे पातेल्यातली, कोरी चाय तिनं ओतून दिली. ते प्यायले. बरं वाटायची वाट बघत बसले. दुसऱ्यांदा मागितली, तीही प्यायले. मग तिनं ऑटो बोलावलाच; तो आला तोवर त्यांची मान कलली होती.

मी रडले, खरं रडले. लोकांनी मला आवरलं. तेराव्याला नवऱ्यानं सगळ्या सोयऱ्यांपुढे माझ्याकडे बोट दाखवलं. त्याचे डोळे भरलेले.

"बाबा दोन वर्षं जास्त जगले ते इच्यामुळं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पदर डोक्यावर ओढला आणि मान हलवली — हो म्हणून.