दोन शिफ्टपेक्षा कमी

बाबा भोपाळला सरकारी कारखान्यात मशिनिस्ट होते. नोकरीची सगळी वर्षं बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये गेली आणि निवृत्तीनंतर आनंद नगरात घर घेतलं, तेही कारखान्याचा भोंगा ऐकू येईल अशा बेताने. प्रवासाचा वेळ ते तासांत मोजतच नसत. एक शिफ्ट आठ तासांची; इंदूर अर्धी शिफ्ट, नागपूर एक शिफ्ट, असा त्यांचा हिशेब.

मी अमेरिकेला जायला निघालो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळ लागतो?" मी कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं. न्यूयॉर्क ते दिल्ली पावणेबारा हजार किलोमीटर, चौदा तास.

"म्हणजे दोन शिफ्टसुद्धा नाहीत!" बाबांचा चेहरा खुलला. मग काय, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवत सुटले, "बस, चौदह घंटे. दो शिफ्ट भी नहीं."

हे चौदा तास नुसते विमानाचे होते. अमेरिकेतल्या माझ्या गावाहून न्यूयॉर्कला पोचायलाच चार तास, तिथे तीन तास आधी हजेरी, थेट विमान दिवसातून एकच, शिवाय दिल्लीत भोपाळच्या विमानासाठी ताटकळणं. घर ते घर छत्तीस तास. पहिल्याच खेपेला मला ते कळलं होतं. पण दर रविवारी बाबा फोनवर विचारत, "अजून चौदाच ना?" आणि मी म्हणे, "चौदाच." सुट्टीत येताना घरून कधी निघालो, हे मी सांगतच नसे. म्हाताऱ्याला खूश ठेवतोय, अशी माझी समजूत. खरं म्हणजे मला माझंच लांब जाणं कबूल करायचं नव्हतं.

एका सकाळी चहा घेता घेता बाबा गेले. आईचा फोन आला. "केव्हा निघतोस?"

"लगेच. थांबा माझ्यासाठी," मी म्हणालो. छत्तीस हा आकडा तेव्हाही तोंडातून निघाला नाही.

माझ्याकडे तेव्हा रात्र होती, निघेपर्यंत उजाडलं. विमानात समोरच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर दिसत होते. चौदाच्या चौदा तास मी त्या आकड्याकडे बघत बसलो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून आत शिरलो तेव्हा अंगण धुतलेलं होतं. आदल्या संध्याकाळी काकांनी अग्नी दिला होता.

आई खाटेवर बसली होती. "दोन शिफ्ट थांबलो रे," ती म्हणाली. "मग तिसरी थांबलो. चौथीही. लोक पुन्हा पुन्हा बर्फ आणत होते. शेवटी कुणी ऐकेना."

मला राहवलं नाही. "आई, चौदा कधीच नव्हते गं. छत्तीस लागतात."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "हॉस्पिटलवाले यांना शवागारात ठेवून घ्यायला तयार होते. मीच म्हटलं, कशाला, पोरगा दोन शिफ्टच्या आत पोचतोय."